चामडी रिंग कुठल्या बाजूला

मिस्त्रींनी जुन्या ट्रॅक्टरभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि मग जावयाकडे असं बघितलं, की जणू बिघाड तिथेच असावा. यंत्रं आपणहून बिघडत नाहीत, त्यांना बिघडवणारी माणसं असतात, हे त्यांचं पन्नास वर्षांचं मत होतं. त्यातला एक नमुना आपल्या लेकीनं नवरा म्हणून निवडावा, याचं दुःख त्यांनी कधी लपवलं नव्हतं.

"बोला जावईबापू, काय होतंय?"

"नांगर उचलणारी लिफ्ट धरत नाही, मामा. रिकामी झटकन उठते. नांगर लावला की अर्ध्यात थरथरते आणि इंजिन बंद केलं की नांगर खाली टेकतो. पंप गेला असावा. मी तीन व्हिडिओ बघितले."

"तीन? मग मला कशाला बोलावलंत? चौथा बघायचा."

जावई हसला. मिस्त्रींना नेमकं हेच खपत नसे. माणसानं अपमान केला तर समोरच्यानं निदान तोंड तरी वाकडं करावं. पण हा गडी शेती करायला लागण्याआधी वजनकाट्यावर कारकून होता. ट्रक आपल्या पायानं काट्यावर चढायचा, आकडा आपोआप उमटायचा, याचं काम तो वाचायचं. अशा नोकरीत माणसाला राग येणार तरी कशाचा?

लेक शेडच्या दारात चहाचे कप घेऊन उभी होती. बापाचं नाक आणि बापाचा हट्ट, दोन्ही तिनं जसंच्या तसं उचललं होतं. गेला महिनाभर तिचं एकच पालुपद चाललं होतं: बाबा, गॅरेज बंद करा आणि आमच्याकडे राहायला या. कोणा गिऱ्हाइकानं तिचे कान भरले होते, की मिस्त्री गिअरबॉक्स उघडा टाकून दोन दिवस फिरकलेच नाहीत. मिस्त्रींच्या मते ते गिऱ्हाईक जन्माचं चोंबडं होतं. गॅरेजशिवाय आपण म्हणजे जेवणाच्या वेळेला हाक मारायचं एक म्हातारं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"हे बघ," त्यांनी कप घेत लेकीला सांगितलं, "आज संध्याकाळी इंजिन बंद करून नांगर हवेत राहिला, तर गॅरेजचा विषय माझ्यासमोर पुन्हा काढायचा नाही. खाली आला तर गॅरेजची किल्ली तुझ्या हातात देतो."

"शब्द?"

"शब्द."

त्यांनी तेलाची पातळी बघितली, तेल दोन बोटांत चोळून हुंगलं, गाळणी काढून उजेडात धरली. सगळं ठीक होतं. मग इंजिन सुरू करायला लावून लांब पेचकसाचं टोक पंपावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली.

"पंप तुमच्या-माझ्यापेक्षा धडधाकट आहे," ते म्हणाले. "आणि डोकं वापरा जरा. इंजिन बंद असताना पंप झोपलेलाच असतो. तेव्हा नांगर कोण धरून ठेवतं? सिलिंडरमधलं कोंडलेलं तेल. ते पिस्टनच्या बाजूनं निसटतंय. व्हिडिओत हे नव्हतं वाटतं?"

"एकात होतं, मामा. पण नीट कळलं नाही."

"कळणार कसं? त्याला आकडा नसतो."

सीट निघाली, नट निघाले, आणि लिफ्टचं जडशीळ झाकण चेनपुलीवर टांगून दोघांनी वर घेतलं. तेल गळू नये म्हणून सांध्यात घातलेला कागद सुटताना मिस्त्री थबकले. कागद नवा होता. जुन्या ट्रॅक्टरचा मूळ कागद असता तर खरवडून काढावा लागला असता.

"हे आधी कोणीतरी उघडलंय."

जावयानं बायकोकडे बघितलं. तिनं मान फिरवली.

"हो, उघडलं होतं," जावई म्हणाला. "झालं वर्षभर."

कोणी, ते मिस्त्रींनी विचारलं नाही. विचारायची गरजच काय? चोर समोर खाली मान घालून उभा होता. त्यांना मनापासून आनंद झाला, आणि तो त्यांनी पुढचा तासभर पुरवून पुरवून वापरला. पाना कसा धरतात इथपासून सुरुवात करून, काही लोकांच्या हातात पेनच शोभतं इथपर्यंत ते आले. जावई चिंधीनं एकेक भाग पुसून ओळीनं मांडत राहिला.

पिस्टन बाहेर आला. त्याच्या खाचेतली रबरी रिंग उंदरानं कुरतडल्यासारखी झाली होती. तिच्या शेजारची चामडी रिंग मात्र शाबूत होती, पण तेलाच्या बाजूला. मिस्त्रींनी पिस्टन उचलून दाराच्या उजेडात नेला.

"या, बघा. दाब येतो तेलाचा. त्याच्यासमोर रबर, रबराच्या पाठीशी चामडं. चामड्यानं पाठीला आधार दिला नाही, की रबर फटीत घुसतं आणि त्याच्या चिंध्या होतात. गॅरेजात झाडू मारणाऱ्यालाही हे येतं. हे उलटं बसवलंय. कोण होतं हे गाढव? डोळे होते का त्याला? का ते घरी ठेवून आला होता?"

जावयानं चिंधीची घडी घातली.

"नाव सांगायला लाज वाटते, पण दुसऱ्याच्या यंत्रात हात घालायला—"

"बाबा, पुरे," लेक म्हणाली. "तुम्ही बसवलंय ते."

मिस्त्री हसले. मग तिचा चेहरा बघून थांबले.

"मागच्या उन्हाळ्यात. दोन दिवस राहिला होतात इथे. यांना जवळसुद्धा फिरकू दिलं नव्हतं. पिस्टन असाच हातात धरून मला दाखवला होतात, इथेच, या दारात."

मिस्त्रींनी आठवून बघितलं. पन्नास वर्षांपूर्वी उस्तादानं पहिला पाना फेकून मारला होता तो दिवस आठवला, कुठे लागला होता तेही आठवलं. मागच्या उन्हाळ्यातले ते दोन दिवस मात्र कुठेच नव्हते. त्यांना भीती वाटली, साधी, लहान मुलाला वाटते तशी. जावयाच्या चेहऱ्यावर विजय दिसला असता तर बरं झालं असतं. त्याच्यावर खेकसून तरी घेता आलं असतं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो, मामा."

"मग सकाळपासून मुकाट ऐकून का घेतलंत?"

"वाटलं, उघडल्यावर तुम्हालाच आठवेल."

मिस्त्रींनी पिशवीतून नव्या रिंगा काढल्या आणि चामडी रिंग तेलात भिजत टाकली. ती मऊ झाल्यावर रबर खाचेत बसवलं, चामडं हातात घेतलं, आणि हात तिथेच थांबला. नियम त्यांना येत होता, आताच तर त्यांनी तो घडाघडा सांगितला होता. मागच्या उन्हाळ्यातही तो येतच असणार. त्यांनी लेकीकडे पाठ केली आणि आवाज खाली आणला.

"चामडं कुठल्या बाजूला?"

"रबराच्या पाठीशी, मामा. या बाजूला."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी काट्यावरच्या कारकुनाच्या बोटाकडे बघून रिंग बसवली.

संध्याकाळी नांगर वर गेला, जराही न थरथरता. जावयानं इंजिन बंद केलं. तिघं बघत राहिले. लेकीची भाजी निवडून होईपर्यंत नांगर बोटभरसुद्धा खाली आला नाही.

"जिंकलात, बाबा," ती म्हणाली. "शब्द म्हणजे शब्द. गॅरेजचा विषय पुन्हा काढणार नाही."

मिस्त्री हात पुसत होते. प्रत्येक बोट वेगळं पुसून झाल्यावर त्यांनी खिशातून किल्ली काढून तिच्या ताटात, निवडलेल्या भाजीवर ठेवली.

"हे काय? नांगर तर वर आहे."

"वर आहे. पण आधी उलटं बसवून गेला तो माणूस माझ्याच गॅरेजात आहे," मिस्त्री म्हणाले. "आजपर्यंत असल्याला मी दुसऱ्या दिवशी कामावर घेतलेलं नाही."