हशाआधीचा दीड सेकंद

मित्रांनो, माझी दोन बटणं निघाली आहेत आणि माझा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो. मी अलोऱ्याच्या स्वप्नाबाईंचा जुना लॅपटॉप. आधी माझ्यावर शाळेचे निकाल बनायचे. मग बाई विनोदी प्रहसनांच्या व्हिडिओंचे तुकडे जोडू लागल्या. त्यांत काम करायचे त्यांचे वडील दत्ताराम, निवृत्त कारकून. त्यांनी नुसती मान वळवली तरी लोक हसायचे आणि माझंही कौतुक व्हायचं.

पुढे दत्तारामांना अर्धांगाचा झटका आला. मी कपाटात धूळ खात पडलो. ते सावरले, पण शब्द उशिरा येऊ लागला. "म्हातारा संपला," असं गावात कोणी म्हणालं, ते त्यांच्या कानावर गेलं.

तरीही गावातल्या जयंतीच्या कार्यक्रमात पडद्यावर दाखवायला त्यांनी प्रहसन केलं आणि बाईंनी ते चित्रित केलं. त्यात पेन्शन कचेरीतला साहेब विचारतो, "तुम्ही जिवंत असल्याचा पुरावा?" दत्ताराम म्हणतात, "चहा सांगा. पितो की नाय, बघा." मधे मात्र चार सेकंद गेले होते.

कार्यक्रम सहाला होता. साडेचारला राकेश, प्रहसनात साहेब झालेला बाईंचा चुलतभाऊ, म्हणाला, "काप ती शांतता. लोक थांबत नायत."

बाईंनी कापली. उत्तर प्रश्नावर आदळलं. लावून बघितलं, तर तिघांपैकी कोणीच हसलं नाही.

"मला काढून टाक गो," दत्ताराम म्हणाले.

त्यातच मी तापून बंद पडलो. बाईंनी माझी पाठ उघडली, ब्रशने धूळ काढली. मी चालू झालो तेव्हा सव्वापाच वाजले होते. चारही सेकंद परत लावले, तर बघणाऱ्याला आजाऱ्याची काळजी वाटे. एकच ठेवला, तर घाई वाटे. मग बाईंना दिसलं, दीड सेकंदाला बाबांची नजर साहेबावरून रिकाम्या कपाकडे सरकते. तेवढं थांबणं त्यांनी राखलं आणि शब्दासाठीच्या पुढच्या धडपडीला कात्री लावली.

सभागृहात प्रश्न आला. शांतता पसरली. पहिल्या रांगेत दत्तारामांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. पडद्यावर नजर कपाकडे गेली, उत्तर आलं, आणि असा हशा उसळला की बाईंना मला मधेच थांबवावं लागलं.

दत्ताराम राकेशकडे वळले. "पुढचं... कधी... करायचं?"

त्यांचा शेवटचा शब्द येईपर्यंत राकेश थांबला.

मित्रांनो, माझ्यासारख्यांची धूळ वेळेवर झटका. आणि घरात कोणाचा शब्द उशिरा येत असेल, तर तो त्याच्या तोंडून काढून घेऊ नका.