गिरणीकडच्या गोलमागे

आर्ची पिट्रीच्या बायकोने, नेटाने, जाण्याआधी एकच गोष्ट मागितली होती. तिची रक्षा बॅलकार्डी रोव्हर्स या फुटबॉल क्लबच्या मैदानात, गिरणीकडच्या गोलमागे पुरायची. आर्चीने हो म्हटलं होतं. त्याला दोन वर्षं होऊन गेली, आणि रक्षेचा डबा अजून स्वयंपाकघरातल्या फळीवर, चहापत्तीच्या शेजारी होता.

कारणं भरपूर होती. पहिल्या हिवाळ्यात जमीन गोठलेली होती. मग सामने चालू होते. मग गवताचं नवं बी पेरलं होतं. खरं कारण एवढंच, की शनिवारी मैदानावरून आला की आर्ची किटली चढवायचा आणि त्या डब्याला निकाल सांगायचा. सांगायला घरात दुसरं कोणी नव्हतं.

फुटबॉल मुळात नेटाचा. आर्ची त्या घरात जावई म्हणून आला आणि रोव्हर्स त्याच्या पदरात पडले. क्लब काढला लिननच्या गिरणीतल्या कामगारांनी. मालकाने कुरण दिलं, पण अट घातली की शुक्रवारपर्यंत त्याच्या गाई तिथे चरतील. त्यामुळे शनिवारी सकाळी खेळाडूच फावडी घेऊन शेण उचलत. नेटाचे आजोबा पहिले कप्तान आणि शेण उचलण्यातही पहिले. शेजारच्या गावचे स्ट्रॅथगॅरीवाले तेव्हापासून रोव्हर्सना ‘शेणवाले’ म्हणतात. यांनी मग क्लबच्या बिल्ल्यावरच गाय काढली, म्हणजे चिडवायला काही उरलं नाही. पहिल्या महायुद्धातून अर्धा संघ परत आला नाही, तेव्हा त्यांचे धाकटे भाऊ त्याच जर्सी घालून उतरले. नेटाचे वडील खेळायचे तेव्हा एका मोठ्या शहरातला संघ इथे येऊन हरून गेला. ‘आम्हाला चिखलाने हरवलं,’ असं ते लोक म्हणाले. ‘चिखल आमचाच होता,’ असं वडील मरेपर्यंत सांगत. पुढे गिरणी बंद पडली, क्लब मात्र राहिला. आजही संघातला गोलकीपर आठवडाभर टपाल वाटतो आणि शनिवारी पगारावर खेळतो.

वडिलांची रक्षा त्याच गोलमागे होती. नेटाला त्यांच्याजवळ जायचं होतं.

आणि आता क्लबने ठरवलं होतं की गवत काढायचं आणि प्लास्टिकचं घालायचं. दर हिवाळ्यात मैदान गोठायचं, सामने पुढे ढकलले जायचे. प्लास्टिकवर शाळेतल्या पोरापोरींना रोज खेळता येईल आणि क्लब तगेल. आर्चीनेही सभेत हात वर केला होता. नेटाने दोन्ही हात वर केले असते.

शुक्रवारी तो मैदानावर गेला. डॉड मिल्न चुन्याच्या रेघा मारत होता. आयुष्यभर त्याने हेच गवत राखलं होतं.

“सोमवारी नक्की का?” आर्चीने विचारलं.

“नक्की. यंत्र येतंय. मी आता गालिचा झाडणारा.”

“मग नेटाचं कसं करायचं?”

“दोन वर्षं घसा फोडून सांगतोय, घेऊन ये, घेऊन ये. आता वरात निघून गेल्यावर तू टोपी शोधतोयस.”

“पण उद्या पुरायची आणि सोमवारी खणून काढायची, याला काय अर्थ आहे? माती नेणार कुठे?”

“ठेकेदार नेईल. कुठे तरी खड्डा भरेल.”

“सासऱ्यांना पण?”

डॉडने चुन्याची गाडी थांबवली. “ते माझ्या डोक्यातच नाही आलं बघ,” तो म्हणाला.

शनिवारी आर्चीने डबा बाजाराच्या पिशवीत घातला आणि निघाला. पुरायचा की परत आणायचा, हे त्याचं ठरत नव्हतं.

सामना स्ट्रॅथगॅरीशीच होता. गिरणीकडच्या गोलमागे प्रेक्षकांनी उभं राहायच्या पायऱ्या खचल्या होत्या म्हणून तिथे दोरी बांधलेली. नेटा तिथेच उभी राहायची. लोक बसायच्या जागेसाठी जास्त पैसे मोजत, ती म्हणायची, बसून कोणी ओरडतं का. ओरडण्याचं खातं तिचं होतं. आर्ची तिच्या शेजारी गप्प उभा राहायचा. आजही तो बाजूच्या कठड्याशी गप्पच उभा होता.

मध्यंतरात तो खिम्याच्या पाईच्या रांगेत लागला. पाई विकायला शीना होती. तीच क्लबची अध्यक्ष. सत्तरीच्या माणसालाही ती बाळा म्हणायची.

“किती, बाळा?”

“एकच.”

“पिशवीत काय आहे? एवढी उराशी धरलीयस.”

“नेटा आहे.”

शीनाने पिशवीकडे पाहिलं, मग पाई कागदात गुंडाळली. “तिला सॉस चालायचा नाही,” ती म्हणाली.

आर्चीने पाई घेतली, पण बाजूला झाला नाही. मागचे लोक वाट बघत होते.

“शीना, ती माती बाहेर देऊ नका.”

“काय म्हणालास?”

“गोलमागची माती. नेटाचे वडील आहेत तिच्यात.”

“आमचा डेव्हीसुद्धा आहे,” मागून डेव्हीची बायको म्हणाली. “आम्ही आपलं गवत गवत करत बसलो, मातीचं कुणी बोललंच नाही.”

“मग ठेवायची कुठे?” शीनाने विचारलं.

आर्चीने दोरी बांधलेल्या पायऱ्यांकडे हात केला. “तिथे. पायऱ्या गेल्याच आहेत. तिथे चढ करा, वर गवत लावा. लोक उभे राहतील. पूर्वी असंच होतं, नेटा सांगायची.”

“आणि ते गवत राखणार कोण?”

“मी,” रांगेत शेवटी उभा असलेला डॉड म्हणाला. “गालिचा झाडून उरलेला दिवस मी काय करू?”

“आर्ची पिट्री,” शीना म्हणाली, “चाळीस वर्षं तू या खिडकीत ‘एकच’ आणि ‘दोन’ यापलीकडे बोलला नाहीस. आता ठेकेदाराला मीच बघते. पुढे सरक, पाई थंड होतायत.”

रोव्हर्स हरले. लोक पांगले तेव्हा डॉड फावडं घेऊन आला आणि गोलमागे गवताचा एक चौकोन अलगद उचलून बाजूला ठेवला. आर्चीने डबा रिकामा केला. मग त्याने नेटाला निकाल सांगितला, आणि डॉडने चौकोन परत बसवून वर पाय दाबला.

ऑगस्टमध्ये नवा हंगाम सुरू झाला. मैदान इतकं हिरवं होतं की खोटं वाटत होतं. गोलमागच्या मातीचा गिरणीकडचा चढ मात्र खरा होता, जरा ओबडधोबड, आणि पायाखाली मऊ. आर्ची गोलच्या सरळ रेषेत उभा राहिला. डेव्हीची बायको त्याच्या शेजारी आली आणि म्हणाली, “इथे चालेल ना? कुणाच्या डोक्यावर तर नाही ना उभी राहत?”

“सगळ्यांच्याच,” आर्ची म्हणाला.

सामना बराच रंगला होता. रोव्हर्सचा पोरगा चेंडू घेऊन सुटला, आणि लाइन्समनने झेंडा वर केला. ऑफसाइड. पोरगा चांगला दोन हात मागे होता, ऑफसाइड नव्हताच. चढावरचे सगळे नुसते हळहळले. आर्चीने सवयीने बाजूला पाहिलं आणि वाट बघितली. कोणी ओरडलं नाही.

मग त्याने तोंड उघडलं.

“अरे झेंडेवाल्या, डोळे घरी बायकोकडे ठेवून आलास का?”

आवाज चिरका निघाला. लाइन्समनने मान वळवून पाहिलं. पलीकडे खिडकीत शीनाने हातातला चिमटा खाली ठेवला.

डेव्हीची बायको हसत होती. “हे तर नेटाचं,” ती म्हणाली.

“हो,” आर्ची म्हणाला, आणि घसा खाकरून त्याने पुन्हा श्वास भरून घेतला, कारण झेंडा अजून वरच होता.