आप्पा महाराजाचा प्लॉट

गेवराईच्या पुढं औरंगाबाद रस्त्याला आप्पा महाराजाची समाधी लागती. एसटीनं गेला असाल तर ड्रायव्हरनं स्टेअरिंग सोडून हात जोडलेले तुमी बघितले असतील. त्या महाराजाला मी चांगला वळखतो. त्यानं जन्मभर बाजारात चऱ्हाटं आन् वेसणी विकल्या आन् आमाला शिव्या घातल्या. चमत्कार एकच केला, मरताना प्लॉट आमच्या नावानं करून गेला. तिथून पुढं सगळा सत्यानाश.

आमी म्हणजे तिघं. मी संगमेश, लिंगायत, दुकानदाराच्या घरात जन्मलेला आन् दुकान नसलेला. दुसरा भारत, चकलांब्याच्या पाटलाचा. पुढाऱ्याच्या जीपमागं पळून त्याच्या चपला झिजल्या, पण तिकीट काय मिळालं न्हाई. तिसरा हनुमान. त्याचं व्हिडिओ सेंटर होतं, रविवारी दाराशी मारामाऱ्या व्हायच्या. मग घरोघरी केबल आली आन् हन्या दिवसाढवळ्या प्यायला लागला. तिघंबी पस्तिशीचे, तिघंबी रिकामे, आन् तिघांची बसायची जागा एकच, रेवणप्पाच्या दुकानाचा ओटा.

रेवणप्पा आमच्यातलाच, लिंगायत, एकटा माणूस. बायको लवकर गेली, लेकरू न्हाई. सगळे त्याला आप्पा म्हणायचे. नायलॉनची दोरी आल्यापासून त्याच्या अंबाडीच्या चऱ्हाटाला कुत्रं विचारीना. तरी रोज दुकान उघडायचा आन् आमच्यावर खेकसायचा, "उठा बे, गिऱ्हाईक आलं तर उभं कुठं राहील?" गिऱ्हाईक कशाचं यायलंय! दुपारी मात्र त्याच्याच पैशाचा चहा यायचा, आन् कपात कमी पडला तर हॉटेलवाल्याशी भांडायचाबी तोच.

मपलं दुखणं त्याला ठाऊक होतं. मपली बायको शिवकांता पाटोद्याला माहेरी जाऊन बसलती. दहावी पास, तोंडानं फटकळ, पण खोटं बोलणं तिला जमायचं न्हाई. भावांनी बापाच्या दुकानातून मला बाहेर काढलं तवा मी तिला शब्द दिलता, की आपण एसटीडी बूथ टाकू. पिवळी पाटी, काचेचं केबिन, आन् गल्ल्यावर तू बसायचं. लई खूश झालती. पण बूथ काय पडंना. जावांच्या हाताखाली भाकरी थापून ती कटाळली आन् एक दिवस पिशवी उचलली. जाताना म्हणली, "दुकानाचं शटर वर गेलं की कळवा, त्याच दिवशी येते. तवर बोलवू नका."

मग आप्पा गेला, आमच्या भाषेत लिंगैक्य झाला. दुपारी, दुकानात बसल्या बसल्या. आमी ओट्यावर पत्ते खेळायलो होतो, आमाला कळलंसुदिक न्हाई. बराच वेळ शिवी कावून आली न्हाई म्हणून हन्यानं वळून बघितलं.

लोकं जमली तसा शेजारचा वकील पुढं आला. म्हणला, आप्पाचा रस्त्याकडंला एक प्लॉट हाय, तो त्यानं तुमा तिघांच्या नावानं केलाय, रजिस्टर करून, सगळं रीतसर. अट एकच, तिघांनी मिळून तिथं धंदा करायचा. आमाला तर प्लॉट हाय हेच ठाऊक नव्हतं. मला रडू फुटलं. म्हाताऱ्यासाठी थोडं आन् शिवकांतासाठी जास्त, खोटं कशाला बोलू!

तेवढ्यात निरोप आला, आप्पाचा पुतण्या लातूरहून निघालाय. भारतनं कान टवकारले. त्यानं आमाला बाजूला घेतलं.

"चुलता जिता असताना ह्यानं कधी तोंड दाखवलं न्हाई. आजच कावून यायलाय? त्याला प्लॉटचा वास लागलाय."

"मग काय करायचं बे?" हन्या म्हणला.

भारत मला म्हणला, "तुमच्यात जाळत न्हाईत ना? बसवून पुरता. आन् शेतात कोणाच्या वाडवडलांची समाधी असली तर ते शेत कोणी हिसकावून घेतं का? मग आप्पाला प्लॉटमधीच बसवू. ज्यानं बसवला तो वारस. पुतण्या कोर्टात जाऊ दे न्हाईतर दिल्लीला जाऊ दे, बसलेल्या माणसाला कोण उठवणार?"

मला ते झटकन पटलं. आमच्या लोकांत शेतात समाधी बांधतात हे खरंच हाय. पण शेतात समाधीच्या भोवतीनं नांगर फिरवता येतो. प्लॉट असतो तळहाताएवढा. तिथं बूथ फिरवायचा कुठून, ह्याचा इचार आमच्या तिघांच्या डोक्यात मिळून आला न्हाई. डोळ्यापुढं पिवळी पाटी नाचायलती, बाकीचं दिसतंय कुठं!

खड्डा मागच्या अंगाला घेतला. हातभर खाली गेलो न गेलो तर खडक. पहार टण्णकन उलटी यायची. मऊ माती होती ती पुढंच, रस्त्याला लागून. विधी करणारे जंगम स्वामी ताटकळलते, आप्पा फुलात बसवून आणलेला, आन् भारत रस्त्यावर डोळा ठेवून नुसता घाई करायला. "पुढं तर पुढं, खण की!" खणलं. आप्पाच्या हातात इष्टलिंग दिलं, इभूत टाकली, बेल टाकला, माती लोटली. तोंड रस्त्याकडं.

सगळं उरकलं आन् पुतण्याची जीप आली. साधा माणूस, टक्कल पडलेला, डोळे रडून सुजलेले. समाधीपुढं आडवा झाला. उठला तसा खिशातून कागद काढून भारतच्या हातात दिला.

"मला ह्यातलं काय नको. काकांनी मला आधीच कळवलतं, पोरं वाईट न्हाईत, त्यांना जागा देतो म्हणून. पुढं तुमाला कोणी तरास देऊ नये म्हणून ना-हरकत लिहून आणलीय." मग इकडं तिकडं बघून म्हणला, "पण हितं कावून बसवलं ओ? काकांना काकूच्या शेजारी जायचं होतं. समाजाच्या जागेत काकूजवळ जागा राखून ठेवलीय त्यांनी."

भारत चपलेच्या अंगठ्याकडं बघत राहिला. हन्याला हसू फुटलं, आन् हसता हसता तो असा रडायला लागला की त्याला आवरता आवरंना.

मी स्वामींचे पाय धरले. म्हणलं, महाराज, काढू आन् काकूशेजारी नेऊ. ते म्हणले, एकदा बसवलेल्याला हलवायचं न्हाई. बरं, बूथ मागं बांधावा तर गिऱ्हाईक येणार समाधी वलांडून. समाजाचे अध्यक्ष घरी येऊन बजावून गेले, "समाधीवरून चपला गेल्या तर तू आमचा न्हाई आन् आमी तुपले न्हाई." मी तरी शिवकांताला निरोप धाडला, जागा मिळाली, थोडं थांब. तिचा उलट निरोप आला, "वाट बघते." लग्न झाल्यापासून ती इतकं गोड कधी बोलली नव्हती. आता कायबी करून बूथ उभा करायचा, असं मी मनाशी बांधलं.

तेवढ्यात तो मेला ट्रक उलटला. कापसाचा. ड्रायव्हर काचेतून उडाला आन् समाधीच्या मातीवर पडला. खरचटलंसुदिक न्हाई. हन्या तिथंच पिऊन लवंडलेला. उठून बसला आन् ड्रायव्हरला म्हणला, "घाबरू नको, आप्पा महाराजानं झेललं तुला." दुसऱ्या आठवड्यात ड्रायव्हर नारळ घेऊन आला. संगं आणखी ट्रकवाले. हन्यानं दारू सोडली. हे मात्र खरं, आप्पानं कोणाची दारू सोडवली असंल तर ती हन्याची. कपाळाला इभूत लावून तो आप्पाच्या गोष्टी सांगायला लागला, आन् ज्या आप्पाला आमी चहासाठी छळलं तो हन्याच्या तोंडी उपाशी राहून साप-विंचवाशी बोलायला लागला.

भारतला तर वाटच सापडली. त्यानं पुढाऱ्याला आणून सभामंडपाचा नारळ फोडला, ट्रस्ट काढला, स्वतः अध्यक्ष झाला. मी त्याची कॉलर धरली. "मपला बूथ कुठंय?"

"होईल की बे. आधी सभामंडप होऊ दे." सभामंडप झाला. मग म्हणला, कमान होऊ दे. कमान झाली. मग म्हणला, "तू उगं चिडायलास. आप्पाची अट काय होती? तिघांनी मिळून धंदा करा. मग हा कोणता हाय?" आन् खदाखदा हसला. मला त्याचे दात पाडावे वाटले. पण तिघांनी मिळून काय करायचं म्हणलं की दोन हात त्यांचे वर, मपला एक. मी तसाबी रिकामाच. मला त्यांनी नारळ फोडायला बसवलं.

तिथं हन्यानं एक रीत पाडलती. नारळ देताना नवस मोठ्यानं बोलायचा. मनातल्या मनात बोललेला आप्पाला पोचत न्हाई, कारण जिता असतानाच त्याला कमी ऐकू यायचं. पब्लिकला ते लई आवडलं. दुसऱ्याच्या घरातलं ऐकायला कोणाला नको असतं! कोणी पोर मागायचं, कोणी बोअरला पाणी मागायचं, सुना सासूचं मरण आडून आडून मागायच्या. मी ऐकायचा आन् फोडायचा. अशी दोन वर्षं गेली, पण पाटोद्याला काय कळवावं ते मला सुचंना. शटर न्हाई, कमान हाय, असं कोणत्या तोंडानं सांगू?

श्रावणातला सोमवार होता. लाईन पार रस्त्यापर्यंत गेलती. मान वर न करता मी नारळ घेत होतो. एका हातातल्या हिरव्या बांगड्या वळखू आल्या म्हणून वर बघितलं. शिवकांता. मागं तिचा भाऊ.

तीबी दचकली. भाऊ गडबडला. तिनं विचारलं, "तुमी हितं?"

"हितंच असतो."

तिनं कमान बघितली, मंडप बघितला, पाण्यानं भिजलेले मपले हात बघितले. हळूच म्हणली, "हीच का ती जागा?"

"हीच."

"आन् बूथ?"

मला होणार हाय म्हणायचं होतं. आजवर तेच म्हणत आलतो. पण मी तिच्या हातातला नारळ घेतला.

"बोला बाई, मोठ्यानं बोला!" हन्या माइकवरून वरडला. त्यानं तिला वळखलं नव्हतं. मागून बाया ढकलायल्या.

शिवकांताच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी घरून ठरवून आलते," ती मला म्हणली. "तुमी हितं असाल हे ठाऊक नव्हतं." मग तिनं पदर सावरला, समाधीकडं तोंड केलं आन् सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "महाराज, मपल्या नवऱ्यानं भांडण न करता सोडचिठ्ठीवर सही द्यावी. दुसऱ्या घरी मला नीट नांदता यावं."

माइक हन्याच्या हातात तसाच राहिला. त्यानं आता तिला वळखलतं, मलाबी बघितलं, आन् मान खाली घातली.

"फोडा की ओ पुजारी!" मागून कोणीतरी म्हणलं.

मी फोडला. दोन भक्कलं सरळ झाली, आत खोबरं पांढरं फेक. रीतीप्रमाणं एक तिच्या वटीत घातलं. म्हणलं, "कागद आणलाय का?" भावानं पिशवीतून काढला. देणगीच्या टेबलावरचा पेन घेऊन मी उभ्या उभ्या सही केली. हाताचं पाणी कागदाला लागलं, ते तिनं पदरानं टिपून घेतलं.

भारतनं हन्याच्या हातातून माइक वढून घेतला. "बघा मंडळी! नारळाचं पाणी वाळायच्या आत नवस पुरा झाला! बोला, आप्पा महाराज की..."

"जय!" सगळी लाईन वरडली. शिवकांतानं डोळे मिटून हात जोडले आन् तीबी जय म्हणली. मग मीबी म्हणलो. नारळ फोडणाऱ्याला गप राहून चालत न्हाई.