निळ्या ड्रमची रील

पियुषला यातून काय मिळणार होतं, ते वर्षालीनं पहिल्याच दिवशी जोखलं: पेजला थोडे फॉलोअर, आणि अमरावतीच्या क्लासमधल्या पोरांत जरा वट. शेंदूरजनाघाटातल्या त्यांच्या बांधाशेजाऱ्याचा, भगवंतरावांचा, हा पोरगा. दिवाळीला घरी आला, तिच्या बापाच्या, महादेवरावांच्या, बगीच्यात शिरला आणि रील काढून गेला. नमुन्याला तोडलेल्या संत्र्यांचं कॅरेट, शेजारी निळ्या पाण्याचा ड्रम, वर अक्षरं: ‘संत्र्याला रंग?’

ड्रमात मोरचूद होतं, बुरशी लागू नये म्हणून झाडांच्या बुंध्यांना लावायच्या पेस्टचं. घाटात, म्हणजे शेंदूरजनाघाटात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, पियुषलाही. म्हणून गावानं कमेंटमध्ये टिंगल मांडली. कोणी लिहिलं, मेलो रे बाप्पा. कोणी लिहिलं, काका, माह्या सासऱ्याले दोन डझन धाडा. अ‍ॅपला टिंगल कळत नाही, कमेंट पडली एवढंच कळतं. त्यानं रील उचलून अकोल्याच्या फ्लॅटांत नेली. तिथं कोणी हसलं नाही.

सोमवारी अकोल्याचे व्यापारी किसनराव तोडीला माणसं आणणार होते. झाडावरच सौदा ठरलेला. फळ पिकलेलं, थांबणारं नव्हतं.

वर्षाली कमेंटमध्ये भांडायला बसली. एकाला उत्तर दिलं की खाली दहा शिव्या, आणि रील आणखी वर. विझवायला जातो म्हणून आपणच फुंकर घालतोय, हे तिला दुपारी उमगलं. गप्प बसावं, तर लोक लिहीत, ‘पाहा, उत्तर नाही.’ शेवटी तिनं पियुषला फोन लावला.

“काढतो ना वं,” तो म्हणाला. “पन आताच तं कुठं चालून राहिली ते.”

“आमच्या अंगावरून चालून राहिली, दादा.”

त्यानं काढली, माफीही टाकली. माफीखाली भांडायला कोणी आलं नाही, म्हणून अ‍ॅपनं ती कोणाला दाखवली नाही. रीलच्या नकला मात्र दुसऱ्या पेजांवर फिरत राहिल्या.

रविवारी किसनरावांचा फोन आला.

“महादेवराव, मोरचूद मले कळते. मी का येडा हावो? पन गिऱ्हाईक पयले इचारते, घाटचा माल हाय का.”

“मंग?”

“मंग काय. मले माल इकाचा हाय, पटवाचा नाई.”

पुढच्या आठवड्यात फळ गळायला लागलं. किसनरावांनी दुसरीकडून माल भरला. टिंगल करणारे विसरले. पियुषचे फॉलोअर माफीनंतरही टिकले. अ‍ॅपला अख्ख्या अकोल्याचे डोळे मिळाले. किंमत मोजली ती महादेवरावांनी, आणि बांधापलीकडे पियुषच्या बापानं, भगवंतरावांनी. त्यांचाही माल घाटचाच होता.