ब्रेक नसलेली करवत

टॉयवो लाहतीचं आणि माझं कधी एकमत झालेलं आमच्या गावात कुणी पाहिलेलं नाही. दर उन्हाळ्यात ओरेगन राज्यभरचे आम्ही येडे जत्रेच्या मैदानात जमतो, आपापल्या जुन्या चेनसॉ, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या साखळीच्या करवती, टेबलांवर मांडतो आणि एकेका स्क्रूवरून भांडतो. मी एखादी करवत अमुक सालची म्हटलं, की टॉयवो पलीकडून ओरडणार, "चूक!" लोक कॉफी घेऊन ऐकायला थांबतात. मला हा माणूस मुळीच आवडत नाही.

यंदा अर्डिस होग्लंड आल्या. आमच्या शाळेत त्या जेवण वाढायच्या, त्यामुळे सत्तरीतही मी त्यांच्यापुढे पोरच. गोधडीत गुंडाळलेली लाल करवत त्यांनी माझ्यासमोर ठेवली आणि हात लगेच मागे घेतले.

"डेल, ही बघ जरा."

मी ओळखलीच. ओंडका कापताना हीच उसळून त्यांच्या नवऱ्याच्या, रॉयच्या मानेत गेली होती. रॉय जंगलातून जिवंत परत आले नाहीत.

"त्र्याहत्तर साली त्याच्या वाढदिवसाला मीच घेतली," त्या म्हणाल्या. "दुकानदार म्हणाला होता, थांबा, हीच ब्रेकवाली मागवून देतो. करवत उसळली की साखळी जागच्या जागी थांबते. पण वाढदिवस शनिवारी होता रे. मी थांबले नाही. मला एवढंच सांग, ब्रेकवाली तेव्हा खरंच मिळत होती का?"

मी करवत आडवी केली. पुढच्या मुठीखाली दोन भोकं होती, कारखान्यातच बुजवलेली. ब्रेक बसवायची भोकं. म्हणजे ब्रेकवाली तेव्हा निघालेली होती.

मी भोकांवर अंगठा ठेवला. करवतीच्या सालाबाबत मी आजवर खोटं बोललेलो नाही. त्यापायी सख्ख्या मेव्हण्याशी बोलणं टाकलंय. पण त्या बाईंचा चेहरा मला बघवेना.

"नाही," मी म्हणालो. "दुकानदारानं थाप मारली. हिला ब्रेक आला शहात्तरला. तुम्ही थांबला असतात तर थांबूनच राहिला असतात."

अर्डिसनी मान हलवली. "मला बरं वाटावं म्हणून सांगतोयस. तुला लहानपणीही खोटं बोलता यायचं नाही."

"चूक!" मागून आवाज आला.

टॉयवो चष्मा पुसत आला, त्यानं माझा अंगठा बाजूला सारला आणि दोन्ही भोकं निरखून पाहिली. मी डोळ्यांनी त्याला विनवलं. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"शहात्तर म्हणे! बाई, या गाढवाला काय कळतंय? अठ्ठ्याहत्तर! मी स्वतः वाट बघून कंटाळलो होतो. शहात्तरला कुठल्या दुकानात होती रे, सांग ना?"

भोकं तर त्यानं नीट पाहिली होती. मग मला उमगलं.

"शहात्तरच!" मी ओरडलो.

"अठ्ठ्याहत्तर! डोळे तपासून घे!"

"तू डोकं तपासून घे!"

लोक जमले. आम्ही दोघं लालबुंद होऊन भांडत होतो आणि अर्डिस खुर्चीत बसून रडत होत्या. रडता रडताच त्यांनी करवतीवर हात ठेवला, तो तसाच राहू दिला.

"डेल," त्या म्हणाल्या, "तो सांगतोय ते ऐक जरा. किती हुज्जत घालशील?"

"बरं," मी म्हणालो. "अठ्ठ्याहत्तर."