साखरबाईचं प्रभुभोजन

प्लेग आला सुरतेला आणि डोकं फिरलं आमच्या इंदापूरच्या मंडळीचं. चौऱ्याण्णव सालच्या सप्टेंबरातली गोष्ट. मंडळी म्हणजे आमच्या देवळाची माणसं, ख्रिस्ती लोकांची चाळीसेक घरं. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. त्यातलीच मी, विजयमाला, चौतीस वर्षं दवाखान्यात नर्स म्हणून राबून निवृत्त झालेली. कॉलरा पाहिला, देवीची साथ पाहिली, गॅस्ट्रोच्या दिवसांत तीन-तीन रात्री पाठ टेकली नाही. पण भीतीच्या आडून माणसं किती निर्लज्ज होतात, ते बघायला मला देवळातच जावं लागलं.

गावाचं काय सांगू! टेट्रासायक्लिनच्या गोळ्या लोक चण्या-फुटाण्यासारख्या खात होते. मेडिकलवाल्यानं पाटी लावली, ‘गोळ्या संपल्या’, तरी रांग हलेना. जो तो तोंडाला रुमाल बांधून फिरायचा आणि चहा प्यायला तोच रुमाल खाली ओढून चारचौघांत शिंकायचा. आमचे मुख्य पंच बाजीराव गुरुजी तर गळ्यात कापराची पुरचुंडी अडकवून हिंडत. हायस्कुलातून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेला माणूस! पोरांना काय विज्ञान शिकवलं असेल, त्याचं त्यालाच ठाऊक.

ह्या सगळ्यात माझा जीव अडकला होता तो साखरबाईत. ती बीडकडची. गेल्या हंगामात नवऱ्याबरोबर ऊस तोडायला इथून जवळच्या लासुर्ण्याला आली. फेब्रुवारीत उसाची गाडी उलटून नवरा गेला. टोळी परत गेली, ही गेली नाही. कुणाकडं जाणार? एका बागायतदाराच्या वस्तीवर खुरपणी करून राहिली. नवऱ्याच्या शेवटच्या तीन दिवसांत मी तिच्याजवळ बसले होते, त्या ओळखीवर ती माझ्या मागं देवळात यायला लागली. उन्हाळ्यात तिनं बाप्तिस्मा घेतला.

पण बाप्तिस्मा घेतला म्हणजे लगेच प्रभुभोजनाला बसता येत नाही आमच्यात. आधी धर्माची प्रश्नोत्तरं पाठ पाहिजेत, दहा आज्ञा पाहिजेत, विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो त्याच्या ओळी पाहिजेत, आणि हे सगळं पंचांसमोर म्हणून दाखवायचं. मग महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकरीचा तुकडा आणि एका प्याल्यातला घोट मिळतो. प्याला एकच. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, तो ओळीनं सगळ्यांच्या ओठाला लावतात. साखरबाईला अक्षरओळख नाही. खुरपताना म्हणायची, भाकरी थापताना म्हणायची, एसटीत शेजारणीला ऐकवायची. पाच महिने लागले तिला. मध्येच मला विचारायची, “सिस्टर, एकाच प्याल्यात समदे पित्यात, हे खरं का? गुरुजीबी? आन् त्यांच्या मागनं म्याबी?”

“हो गं बाई, तूसुद्धा,” मी म्हणायची.

ती मान हलवायची, पण तिला ते खरं वाटत नसे. चार दिवसांनी पुन्हा तेच विचारायची. ऑगस्टात तिनं पंचांसमोर सगळं धडाधडा म्हणून दाखवलं, एक शब्द चुकली नाही. दोन ऑक्टोबरचा रविवार ठरला. तिनं त्या दिवसासाठी पांढरं लुगडं घेऊन ठेवलं.

आणि नेमका हा प्लेग. त्यातून पहिली बातमी आली ती बीडच्या कुठल्याशा गावातून!

दोन ऑक्टोबरच्या आधीच्या रविवारी उपासनेनंतर पंचांची सभा बसली. विषय: साथीत उपासना सुरक्षितपणे कशी घ्यायची. मलाही बोलावलं, म्हणजे नर्सला विचारलं होतं असं म्हणायला बरं. मी सरळ सांगितलं. खिडक्या-दारं सताड उघडी ठेवा. बाकांवर हातभर अंतर सोडून बसा. ज्याला खोकला-ताप असेल, त्यानं घरी बसून प्रार्थना करावी, देव तिथंही ऐकतो. आणि हे दिवस सरेपर्यंत एक प्याला नको, प्रत्येकानं घरून आपापलं भांडं आणावं. एकाचं भांडं दुसऱ्यानं वापरायचं नाही.

“खिडक्या उघड्या? हवेतून जंतू आत येतील, सिस्टर,” गुरुजी म्हणाले.

“अहो गुरुजी, जंतू काय एसटीनं येऊन खिडकीतून उडी मारणार आहेत का? खोकणाऱ्याच्या तोंडातून येतात ते. खोकणारा आत असला आणि खिडक्या बंद असल्या, तर अख्ख्या देवळाला प्रसाद मिळेल.”

“तुमचं ज्ञान जरा जुनं झालं,” गुरुजी हसून म्हणाले. बाकीच्या पंचांनी माना डोलावल्या. ह्या माना म्हणजे नुसत्या डोलवायलाच खांद्यावर बसवलेल्या. पाळकसाहेब नवे होते, तरुण होते, आणि त्यांचा पगार पंचांच्या हातात होता. ते बायबलाची पानं चाळत बसले.

माझ्या चार गोष्टींतली एकच त्यांनी उचलली, भांड्यांची. ती का उचलली, हे मला कळायला हवं होतं. नाही कळलं. मी आपली घरी आले ती खुशीत, निदान काहीतरी ऐकलं म्हणून. साखरबाई त्या रविवारी आली नव्हती, रानात काम होतं. तिला भांड्याचं सांगायचं माझ्याकडून राहून गेलं, आणि ही चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही.

दोन तारखेला सकाळी देवळात गेले तर काय थाट! प्रभुभोजन होतं की भांड्यांचं प्रदर्शन, कळेना. गुरुजींच्या बायकोनं, रंगुबाईंनी, चांदीचा पेला आणला होता, तोही नाव कोरलेलं दिसेल असा धरून. कुणी पितळी फुलपात्र, कुणी नातवाचा चित्रांचा मग, एकानं तर खोकल्याच्या औषधाचं टोपण आणलं होतं. सगळ्या खिडक्या घट्ट बंद, फटींत वर्तमानपत्र कोंबलेलं. आत निलगिरीच्या तेलाचा असा भपकारा की डोळ्यांतून पाणी यावं. आणि पहिल्या बाकावर बापाच्या जागेशेजारी गुरुजींचा विकी.

हा विकी सुरतेला साड्यांच्या कारखान्यात होता. गुरुवारी भिगवणला रेल्वेतून उतरला आणि तिथून एसटीनं आला, हे अख्ख्या इंदापुराला माहीत. गुरुजी मात्र सांगत सुटले होते, “पुण्याहून आलाय, सुट्टीवर.” सुट्टीवर आलेला हा पठ्ठ्या रुमालात तोंड खुपसून खोकत होता.

मी दारात वळले तर गुरुजी साखरबाईला अडवून उभे. ती पांढरं लुगडं नेसून पहाटेच्या एसटीनं आली होती, केसांना तेल, कपाळ मोकळं. गुरुजी अगदी प्रेमानं बोलत होते. वर्गात पोराला बाकावर उभं करताना बोलत असतील तसं.

“बाई, तुम्ही बीडच्या. गैरसमज नको, पण सगळ्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. तुमची व्यवस्था बाहेर केलेली आहे.”

व्यवस्था काय, तर व्हरांड्यात एक पोतं अंथरलेलं आणि कठड्यावर एक कप. कान तुटलेला, आत चहाचे पिवळे डाग. गुरुजींच्या घरातलाच.

माझं टाळकं सटकलं. “गुरुजी, ही बाई वर्ष झालं लासुर्ण्यात राहते. बीडला एकदाही गेलेली नाही. हिला कसला प्लेग? आणि तुमचा विकी गुरुवारी सुरतेहून उतरला, तो पहिल्या बाकावर खोकतोय!”

“त्याला प्रवासाची सर्दी आहे.”

“वा! सुरतेची ती सर्दी आणि लासुर्ण्याचा तो प्लेग? लाज वाटू द्या जरा!”

“विकी आपल्यातला आहे, सिस्टर,” ते म्हणाले. एवढं बोलून त्यांना वाटलं, मुद्दा संपला.

मी माझा पेला पिशवीतून काढला, घरून उकळून आणलेला. साखरबाईच्या हातात दिला. “चल आत. माझ्या पेल्यातून घे.”

गुरुजींनी हात आडवा धरला. “नियम तुमचाच आहे, सिस्टर. एकाचं भांडं दुसऱ्यानं वापरायचं नाही. सभेत तुम्हीच मांडलात, आम्ही मान्य केला.”

खरंच होतं. माझ्याच नियमानं मी तोंडघशी पडले. मी पाळकसाहेबांकडं पाहिलं. ते म्हणाले, “सिस्टर, वेळ झाली. आज शांतता राखू या, नंतर बोलू.” साखरबाईनंच माझा पेला माझ्या हातात परत दिला. “जाऊ द्या सिस्टर. म्या बसते हितं. देतेत का न्हाई, तेवढं बघा मातर.”

आणि मी आत गेले. शरम वाटते सांगायला, पण गेले. म्हटलं, आता तमाशा केला तर तिला तेही मिळायचं नाही. दुसऱ्या बाकावरच्या माझ्या जागेवर जाऊन बसले.

विश्वासांगीकार सुरू झाला. चाळीस घरांची माणसं रुमालातून पुटपुटत होती, भिंतीला कान लावल्यासारखं ऐकू येत होतं. निम्म्यांना पाठही नाही, पुढच्याच्या मागनं ओठ हलवतात. गुरुजी मध्येच एक ओळ गाळून पुढं गेले, सगळी मंडळी त्यांच्यामागनं गेली. दाराबाहेरून मात्र साखरबाईचा आवाज येत होता, मोठा, स्वच्छ, एकेक शब्द सुटा. ती गाळलेली ओळही तिनं म्हटली, म्हणून आम्ही संपवलं तरी तिची शेवटची ओळ व्हायची होती. आणि खरं सांगू? शास्त्रानं बघितलं तर त्या दिवशी अख्ख्या मंडळीत सुरक्षित ती एकटीच होती, मोकळ्या हवेत बसलेली. आत आम्ही विकीचा श्वास वाटून घेत होतो.

पाळकसाहेबांनी सगळ्यांच्या भांड्यांत रस वाढला, काळ्या मनुका उकळून केलेला. चांदीच्या पेल्यात दोन घोट जास्तच पडले. शेवटी ते दारापर्यंत गेले. साखरबाई उठून उभी राहिली, कप दोन्ही हातांत धरून. त्यांनी झारीतून उंचावरून धार सोडली, कपाला झारी लागू नये म्हणून. थोडा रस तिच्या मनगटावर सांडला, पांढऱ्या लुगड्यावर उडाला. भाकरीचा तुकडा तिच्या तळव्यावर वरूनच टाकला. तिनं डोळे मिटले, खाल्लं, प्यायली, आणि मनगटावरचा थेंबही चाटून घेतला.

उपासना संपली तशी मी सगळ्यांच्या आधी बाहेर आले. साखरबाई नळावर बसली होती. चिमूटभर माती घेऊन तो कप आतून-बाहेरून घासत होती. खळखळून विसळला, पदरानं पुसला, आणि कठड्यावर नेऊन पालथा घातला.

“अगं, कुणी सांगितलं तुला धुवायला?”

“सांगाय कशाला लागतंय?” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच मला ते जास्त लागलं. “आमच्या गावात हाटेलाभाईर आमचा कप आसाच आसायचा. च्या प्यायचा, कप धुयाचा आन् खिळ्याला आडकवायचा. हितं कान तुटलाय आन् खिळाबी न्हाई, म्हून पालथा घातला.”

गुरुजी मागं येऊन उभे होते. त्यांनी ऐकलं. त्यांचा चेहरा असा खुलला, की काय सांगू! “पाहिलंत सिस्टर? बाईला काही वाटत नाही. तुम्हालाच फार वाटतं. समंजस आहे हो बाई. साथ जाईपर्यंत हीच पद्धत ठेवू.”

आता मात्र मला राहवलं नाही. मी तो कप उचलला आणि पायरीवर असा आपटला की तुकडे गुरुजींच्या बुटापर्यंत उडाले. रंगुबाई किंचाळल्या. बाकीची माणसं रुमाल सावरत दारात जमली. मी तोंडात येईल ते बोलले. तुमच्या आज्याला गोऱ्या मिशनरी साहेबानं आपल्या टेबलाशी बसवलं म्हणून तुम्ही ख्रिस्ती झालात, हेडमास्तर झालात, आणि तुम्हीच आता कप बाहेर ठेवता? थू तुमच्या सुरक्षिततेवर! गुरुजी पांढरे पडले. फार बरं वाटलं मला. चौतीस वर्षांत डॉक्टरांपुढं बोलले नव्हते, तेवढं त्या पाच मिनिटांत बोलले.

बोलून झाल्यावर खाली पाहिलं. साखरबाई पायरीवर उकिडवी बसून तुकडे वेचत होती. दोन तुकडे जुळतात का बघत होती. नवरा गेला तेव्हा माझ्यासमोर ती रडली नव्हती, आता तिच्या डोळ्यांतून धार लागली होती.

“का फोडला वो, सिस्टर? आता म्होरल्या महिन्याला मला कशात देत्याल?”

“मी देते गं तुला नवा पेला. स्टीलचा, नाव घालून,” मी म्हटलं.

“तुमचा नगं,” तिनं तुकडे पदरात घेतले. “ह्यो मला देवळानं दिला व्हता.”