शेपटीमागचं माणूस

धाकटीच्या उजव्या टाचेनं तिला छळायला लागून चांगले चार महिने झाले होते, आणि बाईनं घरात कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकला की टाचेत खालून खिळा ठोकावा तशी कळ उठायची. मग ती पलंगाची कड धरून ओठ आवळून उभी राहायची. नवरा तेव्हा आंघोळीला गेलेला असायचा. घरात चार फेऱ्या मारल्या की कळ सैल पडायची, आणि बाई पुन्हा हसतमुख! एकदा त्यानं विचारलंच, "लंगडतेस का गं?" तर म्हणाली, "चप्पल चावते." घरातली बिचारी चप्पल उगाच बदनाम झाली.

तिचं कामही असं, की पायांना सुट्टी म्हणून नाही. शिवणाच्या मोठ्या दुकानात ती कापड बेतायची. बेतणाऱ्याला बसून चालत नाही. खडू, टेप आणि कात्री घेऊन लांबलचक टेबलाभोवती दिवसभर फिरायचं. टेबलाखाली तिनं बर्फ झालेल्या पाण्याची बाटली ठेवली होती. कुणी बघत नसलं की बूट काढायचा आणि बाटली तळव्याखाली मागेपुढे घोळवायची. एक दिवस काज-बटणवालीनं वाकून बघितलं.

"काय गं, काय लपवलंयस खाली?"

"काही नाही. उकडतंय."

"पायाला उकडतं?"

"मला उकडतं. तू बटणं लाव."

डॉक्टरकडेही ती गुपचूप जाऊन आली. टाचेपासून बोटांपर्यंत जाणारा पट्टा सुजलाय, म्हणाले. तळवा ताणायचे व्यायाम, मऊ तळाचे बूट, आणि दोन महिने डोंगर बंद.

"बघू," धाकटी म्हणाली.

"बघू नका," डॉक्टर म्हणाले. "बसा."

व्यायाम तिनं इमानेइतबारे केले. बसण्याच्या बाबतीत मात्र कानाडोळा केला. वर डोकं लढवून कोटाच्या खांद्यात घालतात त्या जाड कापडाची टाचेखाली घालायला एक गादी बेतली. कडेनं माया ठेवून शिवली आणि दुखऱ्या जागेवर मधोमध भोक ठेवलं, म्हणजे तेवढ्या जागेवर भार नको. कारागिरी म्हणाल तर अव्वल होती. तेवढी अक्कल तिनं घरी बसण्यात खर्च केली असती तर पुढचं रामायण घडलंच नसतं.

पण घोडं अडत होतं ते शिट्टीपाशी.

दर पंधरा दिवसांनी डोंगर चढणारी त्यांची एक टोळी होती. शाळेतून निवृत्त झालेले मास्तर सगळ्यांत पुढे, आणि सगळ्यांत मागे गळ्यात नारिंगी शिट्टी अडकवलेली धाकटी. तिला सगळे 'शेपूट' म्हणायचे. पूर्वी मास्तर उतरून आल्यावर माणसं मोजायचे, आणि स्वतःला मोजायला विसरायचे. दर खेपेला एक माणूस हरवल्याची बोंब! शेवटी धाकटीच म्हणाली होती, "मोजता कशाला? मी सगळ्यांच्या मागे राहते. शेपूट आली की सगळे आले असं समजा." तेव्हापासून खाली कुणी कुणाला मोजत नसे. ती दिसली की गाडी सुटायची.

आणि मास्तरांचा दुसरा नियम असा, की ज्याचा पाय दुखतो त्यानं मास्तरांच्या पाठोपाठ चालायचं, म्हणजे त्याच्या चालीनं सगळे चालतात. तेव्हा टाचेबद्दल ब्र काढला असता तर शिट्टी गेलीच म्हणून समजा. घरात ती धाकटी, दुकानात दुसऱ्यांच्या मापांवर चालणारी. इथे मात्र सबंध टोळी तिच्या भरवशावर मागे न बघता चालायची. हे सोडायचं तिच्या जिवावर आलं होतं.

टोळीत तिची मोठी जाऊही होती. थोरल्या दिरांची बायको, एकाच घरात खालच्या मजल्यावर राहणारी. घरात तिला सगळे 'मोठी' म्हणत, धाकटी तेवढी 'ताई'. डोंगराचं वेड तिला धाकटीनंच लावलं होतं. मोठीची चाल संथ आणि तोंड अखंड चालू. ती नेहमी मधे असायची, गप्पांच्या घोळक्यात. अलीकडे घोळक्यात तिचा आवाज कमी यायला लागला होता, पण धाकटीला आपल्या टाचेपलीकडे काही सुचतच नव्हतं.

त्या रविवारी चढताना काही झालं नाही. सकाळी घेतलेल्या गोळीची कृपा. माथ्यावर डबे उघडले तोवर ऊन होतं. डबे बंद करेपर्यंत दरीतून धुकं वर आलं आणि बघता बघता समोरचं झाड दिसेनासं झालं. मास्तर उठले. "चला, आटपा. एकामागोमाग एक. डावीकडे कडा आहे, कुणी शहाणपणा करायचा नाही."

माथ्याखाली एक सपाट खडक होता. तिथे दोन वाटा फुटायच्या. शेपटीनं खडकापाशी थांबायचं, सगळ्यांना पुढे जाताना डोळ्यांनी बघायचं आणि मग त्यांच्या मागे निघायचं, असा शिरस्ता. धाकटी थांबली खरी, पण तोवर गोळीचा असर उतरला होता आणि बुटातली गादी गोळा होऊन टाचेला टोचत होती. ती खडकाच्या आडोशाला बसली. बूट काढला, गादी काढून बाजूला ठेवली आणि दोन्ही अंगठ्यांनी टाच दाबत राहिली. खडकापलीकडून पावलं गेली, हसणं गेलं, काठ्यांची टकटक गेली. मग सगळं शांत झालं.

'गेले सगळे,' ती मनाशी म्हणाली. आणि इथेच बाईनं माती खाल्ली. डोळ्यांचं काम तिनं कानांवर सोपवलं.

तिनं बूट चढवला आणि उभी राहिली. नेहमीची वाट म्हणजे दगडी टप्पे, एकेक गुडघ्याएवढा. दर टप्प्याला सगळं अंग टाचेवर आदळणार. दुसरी वाट झाडीतून वळसे घेत जाणारी, लाकडं ओढून न्यायची. लांबची, पण मऊ मातीची. तिनं पहिल्या टप्प्यावर पाय ठेवून बघितला आणि डोळ्यांसमोर काजवे चमकले. सगळे तर पुढे गेलेत, मग मी कुठून का उतरेना, कुणाला काय फरक पडतो? अशी स्वतःची समजूत घालून ती मातीच्या वाटेला लागली.

पायथ्याशी गाडीपाशी ती पोचली तेव्हा सगळे आत बसून तिचीच वाट बघत होते.

"आली शेपूट!" कुणीतरी ओरडलं. ड्रायव्हरनं गाडी चालू केली.

धाकटी सीटवर टेकली आणि तिनं डोळे मिटून घेतले. गाडी वळवायला ड्रायव्हरनं बरीच मागेपुढे केली. कुणाला कळलं नाही, सुटलो एकदाचे, असं तिच्या मनात आलं. पाय लांब करायला म्हणून ती शेजारच्या सीटकडे सरकली, तर हाताला मऊ काही लागलं. मोठीची शाल. सकाळी उकडलं म्हणून काढून ठेवलेली.

"ताई कुठे बसल्यात?" तिनं मागे वळून विचारलं.

ज्यानं त्यानं आपल्या शेजारी बघितलं.

"तुमच्याबरोबर होत्या ना?" मास्तर म्हणाले. "त्या मागे रेंगाळल्या होत्या. म्हटलं, शेपूट आहे की मागे."

धाकटीनं शाल उचलून छातीशी धरली.

"पण तुम्ही आलात म्हणजे…" मास्तर तिच्याकडे बघत राहिले. "त्या तुमच्या पुढेच असणार ना?"

आता खोटं बोलायला जागाच उरली नव्हती.

"मी टप्प्यांच्या वाटेनं आलेच नाही," ती म्हणाली. "मातीच्या वाटेनं आले. माझी टाच दुखते, मास्तर. चार महिने झाले."

मास्तर रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी ड्रायव्हरचा टॉर्च उचलला आणि म्हणाले, "तुम्ही थांबा. मी जातो."

"मी कुठे बसले होते ते तुम्हाला धुक्यात सापडणार नाही," म्हणत ती उतरलीसुद्धा.

बसून उठल्यावरचं पहिलं पाऊल. टाचेचं दुखणं ज्यानं भोगलंय त्याला सांगायला नको. तिच्या तोंडून "आई गं" निघालंच, आणि या वेळी तिनं ते गिळलं नाही. फोन लागत नव्हता. बाकीच्यांना मास्तरांनी हॉर्न वाजवत राहायला सांगितलं आणि दोघं टप्प्यांच्या वाटेनं वर निघाली.

धुक्यात हात पुरेल तेवढंच दिसत होतं. धाकटी चवड्यावर चढायला बघायची, मग पोटरी भरून यायची, मग टाच टेकावी लागायची आणि कळ मस्तकात जायची. दर वळणावर ती शिट्टी फुंकायची आणि दोघं श्वास रोखून ऐकायची. खालून हॉर्न, पानांवरून पाणी टपकल्याचा आवाज, बाकी काही नाही. मोठीकडे शिट्टी नव्हती. शिट्ट्या दोनच, एक मास्तरांची आणि एक हिची. कडा आता उजवीकडे होता. तो दिसत नव्हता, पण तिकडून गार वारा यायचा तेव्हा कळायचं की तिथे जमीन नाही. घरी जाऊन दिरांना काय सांगू? माझी टाच दुखत होती म्हणून तुमची बायको डोंगरावर टाकून आले, असं सांगू?

"ताई!" ती ओरडली. "अहो ताई!"

मास्तर दम खायला थांबले. "धीर सोडू नका," ते म्हणाले, पण स्वतःच टॉर्च कड्याकडे वळवून बघत होते.

तिनं पुन्हा शिट्टी फुंकली, छातीत होता नव्हता तेवढा श्वास घालून. आणि वरून, अगदी बारीक, उत्तर आलं. टण. टण टण. डब्याच्या झाकणावर चमचा आपटल्याचा आवाज.

मग मात्र धाकटी टाच विसरली म्हणा, किंवा टाच होतीच पण तिच्याकडे बघायला वेळ नव्हता. हाताची कोपरं सोलवटत ती वर चढली. सपाट खडकाला पाठ लावून मोठी बसली होती. पदर भिजलेला, एका हातात डब्याचं झाकण, दुसऱ्या हातात चमचा. धाकटीला बघून ती उठायला गेली आणि पुन्हा खाली बसली.

"कुठे मेली होतीस?" ती म्हणाली. ओरडून ओरडून तिचा घसा पार बसला होता. "कड्यापाशी जाऊन जाऊन हाका मारल्या. वाटलं, पडलीस."

"कड्यापाशी गेलात? या धुक्यात?"

"मग काय करू? खडकाआड बसलेलं बघितलं तुला. बूट काढलेला. म्हटलं, आता जवळ गेले तर ओशाळशील, म्हणून झाडामागे थांबले. तेवढ्यात धुकं दाट झालं. मग टप्प्यांनी खाली जाऊन बघितलं, तू नाहीस. लंगडती बाई इतक्या लवकर कशी उतरेल? म्हणून परत वर आले, तर खडकावर हे."

तिनं पदराच्या गाठीतून ती गादी काढली. मधोमध भोक असलेली, कडेनं नीट शिवलेली.

"म्हटलं, हे सोडून ती पाऊल टाकणार नाही. म्हणजे इथेच कुठेतरी आहे. तुला टाकून कशी जाऊ?"

धाकटी तिच्या शेजारी टेकली. "तुम्हाला माहीत होतं?"

"खालच्या मजल्यावर राहते मी. सकाळी तुझी पावलं ऐकू येतात. एक जड, एक हलकं." मोठीनं नाक पुसलं. "तू सगळ्यांच्या मागे. तू पडलीस तर कळणार कुणाला? म्हणून चार महिने तुझ्या मागे चालतेय. थोडी लांबून. आधी पुढे जायचं, मग आडोशाला थांबून तुला पुढे जाऊ द्यायचं, आणि गाडीपाशी पुन्हा घोळक्यात. तू कधी वळून बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. शेपटीनं मागे कशाला बघायचं? धाकटीला हुंदका आवरेना. मोठीच्या मांडीवर डोकं ठेवून ती लहान पोरीसारखी रडली, आणि मास्तर शहाणे, ते टॉर्च घेऊन उगाचच धुक्यात काहीतरी बघत राहिले.

मग मोठीनंच तिचा बूट काढला, गादी नीट सारखी करून आत बसवली आणि नाडी बांधली. धाकटीनं गळ्यातली शिट्टी काढून मोठीच्या गळ्यात घातली.

"अगं, मला नाही वाजवता येत!"

"फुंका नुसती."

मोठीनं फुंकली. कोंबडीच्या पिल्लासारखा आवाज निघाला. मास्तर धुक्यातून म्हणाले, "चालेल. शिकतील." खाली हॉर्न अजून वाजत होता.

मातीच्या वाटेनं उतरायचं ठरलं. पुढे मास्तर, त्यांच्या पाठोपाठ धाकटी, सगळ्यांत मागे मोठी. धाकटी एक पाऊल टाकायची आणि वळून बघायची. पुन्हा एक पाऊल, पुन्हा वळून.

"पुढे बघ," मोठी मागून म्हणाली. "पडशील. मी आहे इथे."